उसना एप्रन

निवृत्त डॉक्टरने स्मरणिकेसाठी काय लिहावे, याचे काही संकेत ठरून गेले आहेत. मधुमेह आणि आहार, हृदयविकार आणि प्राणायाम, नाहीतर गेलाबाजार एखादे प्रवासवर्णन. हे तिन्ही विषय मागच्या तीन अंकांत माझ्याच हातून उरकून झाले असल्यामुळे यंदा संपादकांचा दूरध्वनी आला, तेव्हा मी काहीसा अडचणीत होतो. मार्ग काढला तो माझ्या नातवाने.

नातू पुण्यात शिकतो आणि चित्रपट हाच त्याच्या अभ्यासाचा विषय आहे. दिवाळीच्या सुटीत इंदूरला आला, तो "आबा, तुम्हां डॉक्टर मंडळींवरचे सिनेमे दाखवतो," असे म्हणत त्याने मला आणि सौ.ला लागोपाठ चार रात्री दूरचित्रवाणीपुढे बसवले. मला वाटले, 'डॉ. कोटणीस की अमर कहानी'च्या जातीचे काही उदात्त पाहायला मिळेल. प्रत्यक्षात पडद्यावर आले ते एका तरुणीचे धडावेगळे मस्तक. प्रयोगशाळेतल्या एका पसरट तबकात ते ठेवलेले होते, त्याला नळ्या लावल्या होत्या आणि ते चक्क बोलत होते. तीस वर्षे भूलतज्ज्ञ म्हणून काम केलेल्या आमच्या सौ.ने तत्काळ शंका काढली, "फुप्फुसेच नाहीत, तर हिच्या स्वरयंत्राला हवा कोण पुरवते?" आम्ही तिघेही मनमुराद हसलो. परंतु चौथ्या रात्री माझे हसू एका जागी अडखळले. ते का, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

शिक्षणाच्या नावाखाली

या चित्रपटांची कुळकथा मोठी रंजक आहे. हॉलिवुडच्या स्टुडिओंनी १९३० साली स्वतःसाठी एक आचारसंहिता लिहिली आणि १९३४ पासून ती कडकपणे अमलात आणली. प्रसूतीचे दृश्य, गुप्तरोग, अमली पदार्थ असे अनेक विषय त्या संहितेने पडद्यावर निषिद्ध ठरवले. जे निषिद्ध ते पाहण्याची लोकांना ओढ असतेच. स्टुडिओंच्या वर्तुळाबाहेरच्या काही चतुर निर्मात्यांनी नेमकी हीच नस पकडली. अल्प भांडवलात, अल्प दिवसांत आणि बहुधा अल्प प्रतिभेत त्यांनी चित्रपट काढले. एखाद्या खळबळजनक विषयाचा गल्ल्यासाठी पुरेपूर वापर करून घ्यायचा, एवढेच त्यांचे सूत्र होते. म्हणून इंग्रजीत त्यांना 'एक्स्प्लॉयटेशन' चित्रपट म्हणतात.

गावोगावच्या पोलिसांच्या आणि धर्मोपदेशकांच्या नजरेतून सुटण्यासाठी या मंडळींना एक कवच हवे होते. ते त्यांनी आपल्या व्यवसायाकडून उसने घेतले. ते म्हणजे डॉक्टरचा पांढरा एप्रन.

ड्वेन एस्परचा 'मॅनिअ‍ॅक' हा १९३४ सालचा चित्रपट पाहा. मृतांना जिवंत करू पाहणारा एक विक्षिप्त डॉक्टर त्यात आहे. त्याचा साहाय्यक मूळचा नकलाकार. तो डॉक्टरचा खून करतो आणि त्याचेच सोंग घेऊन रुग्ण तपासू लागतो. या साऱ्या बीभत्सतेच्या अधूनमधून पडद्यावर मनोविकारांची शास्त्रीय वाटावी अशी माहिती झळकते, जणू आपण मानसोपचारशास्त्राच्या वर्गातच बसलो आहोत.

त्याहून पुढचे पाऊल टाकले ते क्रोगर बॅब या निर्मात्याने. त्याच्या 'मॉम अँड डॅड' (१९४५) या चित्रपटात खऱ्या प्रसूतीची दृश्ये होती. स्त्रिया आणि पुरुष यांच्यासाठी वेगवेगळे खेळ ठेवले जात. मध्येच चित्रपट थांबे आणि 'एलियट फोर्ब्स' नावाचे आरोग्य-व्याख्याते मंचावर येऊन भाषण करीत व पुस्तिका विकत. गंमत अशी की, एकाच वेळी निरनिराळ्या गावांत निरनिराळे एलियट फोर्ब्स व्याख्यान देत असत, कारण ते नाव कुणा एका माणसाचे नव्हतेच. कुणाला भोवळ आलीच तर सांभाळायला परिचारिकेच्या गणवेशातल्या स्त्रिया उभ्या केलेल्या असत. अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत २००५ साली या चित्रपटाचा समावेश झाला, तो त्याच्या कलागुणांमुळे खचितच नसावा. एका काळाचा तो दस्तऐवज आहे, एवढे मात्र खरे.

पुढे भयपटांनीही हीच युक्ती उचलली. विल्यम कॅसल या निर्माता-दिग्दर्शकाने 'मकाब्र' (१९५८) या चित्रपटाच्या वेळी प्रत्येक प्रेक्षकाचा एक हजार डॉलरचा विमा उतरवला. भीतीने मरण आले, तर वारसांना पैसे! चित्रपटगृहाच्या दाराशी परिचारिका आणि बाहेर शववाहिका असा थाट होता. चित्रपट पाहून कुणाचा रक्तदाब वाढावा असे त्यात फारसे काही नाही. दारातला पांढरा गणवेश पाहूनच लोकांचा निम्मा जीव जात असावा.

तबकातले मस्तक

आता त्या मस्तकाकडे वळू. 'द ब्रेन दॅट वुडन्ट डाय' हा जोसेफ ग्रीनचा चित्रपट. चित्रण १९५९ सालचे, प्रदर्शन १९६२ सालचे. डॉ. बिल कॉर्टनर हा तरुण, बुद्धिमान आणि कमालीचा आत्मविश्वासू शल्यविशारद. मोटार अपघातात त्याच्या वाग्दत्त वधूचा, जॅनचा, शिरच्छेद होतो. तो तिचे मस्तक उचलून आणतो, जिवंत ठेवतो आणि त्याला जोडण्यासाठी साजेसे शरीर शोधत नृत्यगृहांतून व सौंदर्यस्पर्धांतून हिंडू लागतो. इकडे जॅन वारंवार विनवते आहे की, मला मरू दे. शेवटी ती फारच बोलते म्हणून डॉक्टरसाहेब तिच्या तोंडाला चिकटपट्टी लावतात.

चित्रपट इतका घाईत उरकला आहे की, आरंभीच्या नामावलीत शीर्षकात 'ब्रेन' आहे आणि अखेरच्या पाटीवर त्याचे 'हेड' झाले आहे. शस्त्रक्रियेची जागा चुकणे म्हणतात ते हेच!

तथापि या भीतीला आधार नव्हता असे नाही. १९५४ साली सोव्हिएत रशियात डेमिखॉव्ह यांनी एका कुत्र्यावर दुसऱ्या कुत्र्याचे डोके रोपण करून दाखवले होते. त्याच वर्षाच्या अखेरीस बॉस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी जुळ्या भावांमध्ये मूत्रपिंडाचे यशस्वी रोपण केले. एका शरीराचा भाग दुसऱ्यात जगू शकतो, ही गोष्ट सामान्य माणसाने वर्तमानपत्रात वाचली आणि त्याच्या मनात प्रश्न उभा राहिला, उद्या हे लोक माझ्या शरीराचे काय करतील? मला विचारतील का? ज्याला आपण 'माहितीपूर्वक संमती' म्हणतो, तो शब्दप्रयोगसुद्धा अमेरिकेत रूढ झाला तो कॅलिफोर्नियातील एका न्यायालयाच्या १९५७ सालच्या निकालापासून. म्हणजे या चित्रपटाच्या अवघी दोन वर्षे आधी. चित्रपटकर्त्यांनी या प्रश्नाला स्पर्श केला खरा, पण त्यांचे लक्ष होते ते नायकाबरोबर नर्तिका न्याहाळण्याकडे. जॅनचे म्हणणे ऐकायला त्यांना तरी कुठे सवड होती?

विडंबनाचे शल्यकर्म

आचार्य अत्र्यांच्या 'झेंडूची फुले'ने मराठी वाचकाला एक गोष्ट शिकवली आहे. ज्याचे विडंबन करायचे, ते आधी मनापासून वाचलेले असावे लागते. या स्वस्त भयपटांचे विडंबन करणारेही असेच जुन्या चित्रपटांचे निस्सीम भक्त होते, आणि त्यांचेही खिसे रिकामे होते.

रॉजर कॉर्मन यांनी 'द लिटल शॉप ऑफ हॉरर्स' (१९६०) या चित्रपटाचे मुख्य चित्रण दोन दिवसांत संपवले. तेही दुसऱ्या कामासाठी उभारलेल्या आणि पाडण्याआधी रिकाम्या असलेल्या नेपथ्यावर. फुलांच्या दुकानातला एक भोळा नोकर, रक्तमांसावर वाढणारे एक झाड आणि वाढत जाणारे बळी असा हा मामला. त्यात एका दंतवैद्याशी झटापट होऊन तो दंतवैद्य मरतो. तेवढ्यात दार उघडून एक रुग्ण येतो. आता काय करावे? नोकर दंतवैद्य असल्याचे भासवतो आणि पकड हाती घेतो. रुग्णाला वेदनेतच आनंद वाटत असल्याने तो भलता खूश होऊन जातो. हा रुग्ण रंगवला आहे तेव्हा फारशा कुणाला ठाऊक नसलेल्या जॅक निकल्सनने. पाहताना आपण हसतो, पण त्या प्रसंगाने 'मॅनिअ‍ॅक'मधली लबाडी उघडी पाडली आहे. एप्रन अंगावर आला की, समोरचा माणूस तोंड उघडतो. पदवी कुणी विचारीत नाही.

फ्रँक हेनेनलॉटर या न्यूयॉर्ककर दिग्दर्शकाने हा धागा पुढे नेला. टाइम्स स्क्वेअरजवळच्या कळकट चित्रपटगृहांतून असले चित्रपट पाहतच तो वाढला. त्याचा 'बास्केट केस' (१९८२) हा अत्यल्प खर्चातला चित्रपट दोन जोडलेल्या जुळ्या भावांचा आहे. त्यांना वेगळे होण्याची इच्छा नसताना तीन डॉक्टर घरातच त्यांची शस्त्रक्रिया करतात आणि आकारहीन भावाला मेला समजून कचऱ्यात टाकतात. तो वाचतो. पुढे धडधाकट भाऊ त्याला वेताच्या पेटाऱ्यात घालून एकेका डॉक्टरचा हिशेब चुकता करायला निघतो. डॉक्टरांची आडनावे 'नीडलमन' आणि 'कटर' अशी सुई-कात्रीची! पेटाऱ्यातला प्राणी रबराचा आहे, हे शेंबड्या पोरालाही कळते. तरीही पाहता पाहता आपली सहानुभूती कुणाकडे गेली, हे ध्यानात आल्यावर मी खुर्चीत जरा सावरून बसलो.

त्याच दिग्दर्शकाच्या 'फ्रँकेनहूकर' (१९९०) या चित्रपटाचे कथानक तर उघडउघड त्या तबकातल्या मस्तकाचेच आहे. नायक तीन वैद्यकीय महाविद्यालयांतून घालवून दिलेला तरुण. त्याची वाग्दत्त वधू त्यानेच बनवलेल्या गवत कापण्याच्या यंत्राखाली सापडते. तो तिचे मस्तक जपून ठेवतो आणि न्यूयॉर्कच्या वारांगनांच्या अवयवांतून तिच्यासाठी नवे शरीर जुळवतो. नाव आणि विषय पाहता हा चित्रपट सहकुटुंब पाहण्याजोगा नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो. सौ. मधूनच उठून स्वयंपाकघरात गेली होती. परंतु शेवट पाहायला ती परत आली, आणि तो शेवट पाहण्याजोगा आहे. नायकाचा शिरच्छेद होतो आणि पुन्हा जिवंत झालेली ती मुलगी त्याचेच तंत्र वापरून त्याला वाचवते. अडचण एवढीच की, त्याचे औषध फक्त स्त्रीच्या शरीरावर चालते. डोळे उघडतात, तेव्हा त्याचे मस्तक उरलेल्या स्त्री-अवयवांच्या धडावर बसवलेले असते. तो हादरून आपल्या देहाकडे पाहत राहतो. त्याला कुणी विचारले नव्हते. त्यानेही कुणाला विचारले नव्हते.

जुन्या चित्रपटाने ज्या तोंडावर चिकटपट्टी लावली, ती विडंबनकाराने काढली. मला वाटते, या साऱ्या उपद्व्यापाचे मर्म यातच आहे.

सगळीच विडंबने इतकी रक्तरंजित नसतात. लॅरी ब्लेमायरचा 'द लॉस्ट स्केलेटन ऑफ कॅडाव्हरा' (२००१) हा अगदी सोज्वळ चित्रपट कुणीही पाहावा. लॉस एंजेलिसच्या ज्या ब्रॉन्सन कॅन्यनमध्ये जुने स्वस्त चित्रपट निघत, तिथेच तो चित्रित करून कृष्णधवल केलेला आहे. त्यातले शास्त्रज्ञ 'ॲटमॉस्फीरियम' नावाच्या दुर्मिळ धातूबद्दल अशा गंभीर चेहऱ्याने बोलतात की, मला औषध कंपन्यांच्या गुळगुळीत पत्रकांची आठवण झाली.

आणि ब्रिटनच्या चॅनेल फोरवर २००४ साली झालेली 'गार्थ मॅरेन्गीज डार्कप्लेस' ही सहा भागांची मालिका तर प्रत्येक रुग्णालयाच्या ग्रंथालयात असावी. १९८० च्या दशकातली एक विसरलेली रुग्णालय-मालिका सापडली आहे, असे सोंग तिने घेतले आहे. आवाज ओठांशी जुळत नाही, भिंती पुठ्ठ्याच्या वाटतात. नायक डॉ. रिक डॅगलेस पिस्तूल बाळगून वॉर्डात फिरतो. रुग्ण मरत असतात, पण भागाच्या शेवटी डॉक्टर गच्चीवर उभा राहून चिंतन करतो ते स्वतःच्या दुःखाचे. आपल्यापैकी कुणी कधी तसे उभे राहिले नाही, असे छातीवर हात ठेवून कोण म्हणेल?

आपल्याकडचा देवमाणूस

असे चित्रपट आपल्याकडे का निघाले नाहीत, असे मी नातवाला विचारले. भीती आणि हसू यांचे आपल्याकडे वावडे नाही. रामसे बंधूंच्या 'पुराना मंदिर'मध्ये (१९८४) सैतानाच्या जोडीला गब्बरसिंगची नक्कल करणारा जगदीपचा मच्छरसिंग होताच. महेश कोठारे यांच्या 'झपाटलेला'ने (१९९३) तर हॉलिवुडच्या खुनी बाहुल्याला तात्या विंचू करून घरोघर पोहोचवले. परंतु आपल्या पडद्यावर भीती घालण्याचे काम मांत्रिक, दरोडेखोर आणि शापित राजे यांच्याकडे राहिले. डॉक्टर बहुतकरून देवमाणूसच. २०२० साली सुरू झालेल्या 'देवमाणूस' या मराठी मालिकेत डॉक्टर खुनी दाखवला, तोही तोतया निघाला.

नातू म्हणाला, "आबा, तुमच्याकडे रुग्णाला भीती वाटतच नव्हती का? की ती सांगायला जागा नव्हती?" मी उत्तर दिले नाही, कारण मला एक चेहरा आठवला होता.

१९८० च्या दशकाचा आरंभ. मी माळव्यातल्या एका जिल्ह्याच्या गावी शल्यचिकित्सक म्हणून नुकताच रुजू झालो होतो. छत्तिशीची एक शेतकरी बाई स्तनातली गाठ घेऊन आली. तपासणीत कर्करोग निघाला. स्तन काढण्याखेरीज पर्याय नव्हता. मी तिच्या नवऱ्याला आणि जेठाला व्हरांड्यात बोलावून आकृती काढून सगळे नीट समजावले. नवऱ्याने सही केली. तिचा अंगठा परिचारिकेने घेतला. तिला एवढेच सांगितले होते की, गाठ काढायची आहे.

शस्त्रक्रिया उत्तम झाली. तिसऱ्या दिवशी पट्टी बदलताना तिने खाली पाहिले. बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने आपल्या माळवी बोलीत मला विचारले की, साहेब, मला का नाही सांगितले? मी म्हणालो, तुझ्या मालकांना सगळे सांगितले होते. त्यावर ती शांतपणे म्हणाली की, घरातली म्हैस विकायची झाली तरी ते मला विचारतात. एवढे बोलून ती भिंतीकडे तोंड करून निजली.

ती वाचली. पुढे कित्येक वर्षे तपासणीला येत असे. एकदा शेतातले हरभरेही घेऊन आली होती. माझे निदान बरोबर होते, शस्त्रक्रिया बरोबर होती, आणि त्या काळी सगळेच असे करीत, हेही खरे आहे. पण डॉ. कॉर्टनरचीही समजूत हीच होती की, आपण करतो आहोत ते प्रेमापोटी आणि तिच्या भल्यासाठी. चिकटपट्टी माझ्या हातात नव्हती. पण तोंड बंद करायला प्रत्येक वेळी ती लागतेच असे नाही. एप्रन पुरतो.

२००८ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने अशाच प्रश्नावर निकाल दिला. दुर्बिणीतून तपासणीसाठी संमती दिलेली स्त्री भुलेखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय व अंडाशय काढले गेले होते. रुग्ण सज्ञान आहे, शुद्धीवर आल्यावर तिला विचारता आले असते आणि जिवावरचा प्रसंग नव्हता. तेव्हा आईची संमती ही तिची संमती होऊ शकत नाही, असे न्यायालयाने बजावले. तो निकाल वाचला तेव्हा मला कायद्याचे कलम दिसले नाही, भिंतीकडे वळलेली एक पाठ दिसली.

व्यवसायबंधू-भगिनींनो, हसण्यासारखे चित्रपट सांगतो म्हणून बसलो आणि कुठल्या कुठे आलो. वयाचा दोष म्हणून क्षमा करावी. आमच्या पिढीने एप्रन कडक इस्त्री करून वापरला. रुग्णाने तो पाहून गप्प बसावे, यातच आम्हाला आदर दिसत होता. आता आपल्या मंडळाच्या बैठकांना येणाऱ्या तरुण डॉक्टरांना रुग्ण प्रश्न विचारतात, उलटतपासणी घेतात, आणि त्याची तक्रार आमच्याकडे येते. मी त्यांना एवढेच सांगेन की, बोलणारा रुग्ण हा त्रास नव्हे. त्या तबकातल्या बाईचे म्हणणे एवढेच होते की, कुणीतरी तिला विचारावे.

नातू परत जाताना चित्रपटांची एक यादी देऊन गेला आहे. सौ.ने तिच्यातली दोन नावे खोडली आहेत, आणि एकावर खूण करून ठेवली आहे.